समुद्राचं गणित शिकवताना: आधी समीकरणं की आधी नोंदी?

भौतिक समुद्रविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना गणिती पद्धती शिकवायला एकच सत्र असेल, तर सुरुवात समीकरणांपासून करायची की मोजलेल्या आकड्यांपासून, हे आधी ठरवावं लागतं.

समीकरणांच्या बाजूनं सर्वांत भक्कम साक्ष अमेरिकी समुद्रवैज्ञानिक हेन्री स्टॉमेल यांच्या १९४८ च्या मॉडेलची. सपाट तळाचा आयताकृती समुद्र, वर वारा, तळाशी घर्षण. कोरिओलिसचा परिणाम (पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहत्या पाण्याला मिळणारं वळण) सगळीकडे सारखा धरला तर पाणी गोल, सममित फिरतं. तो अक्षांशानुसार बदलू दिला, की समुद्राच्या पश्चिम कडेला चिकटून अरुंद, वेगवान प्रवाह उभा राहतो, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या गल्फ स्ट्रीमसारखा. हे फळ्यावर हातानं सोडवलं की जन्मभर लक्षात राहतं. पण ज्यांचं गणित पदवीपासूनच कच्चं आहे, ती मुलं या वाटेवर लवकर मागे पडतात.

नोंदींची वाट भरती-ओहोटीपासून धरावी. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचा आवर्तनकाळ १२.४२ तास, सूर्यामुळे येणाऱ्या भरतीचा १२ तास. दोन्ही नीट वेगळ्या काढायला साधारण १५ दिवसांच्या नोंदी लागतात. विद्यार्थ्याला मुद्दाम चारच दिवसांच्या द्या. लीस्ट स्क्वेअर्स (नोंदींशी सर्वांत कमी चूक राहील असं उत्तर काढण्याची पद्धत) उत्तर देईलच; पण आकड्यांत थोडा गोंगाट, म्हणजे किरकोळ यादृच्छिक चुका, मिसळून पुन्हा चालवलं की दोन्ही भरत्यांची उंची भलतीकडेच जाते. मॅट्रिक्स ‘इल-कंडिशन्ड’ असणं म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांना दिसतं. मग समुद्रपातळीची उंची मोजणारा टोपेक्स/पोसायडन उपग्रह घ्या: एका जागेवरून तो दर ९.९ दिवसांनी जायचा, त्यामुळे हीच चांद्रभरती त्याच्या नोंदींत ६२ दिवसांची भासते. एलियासिंग, म्हणजे विरळ नोंदींमुळे जलद बदल संथ भासणं, यापेक्षा चांगलं शिकवता येत नाही.

या वाटेची उणीव आपल्याच किनाऱ्यावर कळते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, तिथला वारा उलट दिशेचा असूनही. त्यामागे बंगालच्या उपसागराकडून किनारा धरून येणाऱ्या केल्व्हिन लहरींचा मोठा वाटा आहे. गोव्याच्या वाऱ्याशी गोव्याच्या प्रवाहाची कितीही सांगड घाला, हे कारण हाती लागणार नाही. त्यासाठी लहरींचं समीकरणच सोडवावं लागतं.

वर्ग गणित-भौतिकशास्त्राचा असेल आणि पुढे मॉडेलिंगकडे वळणार असेल, तर समीकरणं आधी घ्या. एरवी माझं मत ठाम आहे: नोंदींपासून सुरुवात करा आणि सत्राचा शेवटचा तिसरा हिस्सा केल्व्हिन व रॉस्बी (कोरिओलिसचा परिणाम अक्षांशानुसार बदलल्यामुळे उठणाऱ्या संथ) लहरींसाठी राखून ठेवा, तो कापू नका. तयार सॉफ्टवेअर मात्र मुलांनी भरतीचं पहिलं विश्लेषण स्वतः कोड लिहून केल्यावरच हातात द्या.