मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रातलं मार्गदर्शन: वर्षभरानंतर

गुणपत्रकात एका विषयाच्या स्वाध्यायासमोर गुणच नाहीत, म्हणून हे लिहितेय. एबीसी आयडी, डीईबी आयडी हे प्रवेशाला लागणारे ओळख क्रमांक, ऑनलाइन प्रवेश हे सगळं तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देते. विद्यापीठाचं नावही देत नाही. नाशिकचं 1989चं यशवंतराव चव्हाण आणि दिल्लीचं 1985चं इग्नू, दोन्ही मुक्त विद्यापीठांची माहितीपत्रकं वाचली आणि एक घेतलं, एवढं पुरे.

आधी शिक्का. स्वाध्याय हाताने लिहायचे, केंद्रात द्यायचे, शिक्का मारलेली पोच घ्यायची. तीस टक्के गुण त्याचेच. आमच्या केंद्रात पोच मागितली की खिडकीतून उत्तर येतं, "वहीत नोंद केली की ओ ताई, अजून काय पायजे?" शिक्का कपाटात, किल्ली दुसऱ्याकडे, आणि तो कायम जेवायला गेलेला. ज्या विषयांची पोच मी भांडून घेतली, त्यांचे गुण आले. ज्या एकाची दिली नाही, नेमके त्याचेच अडकले. सगळ्या पानांची झेरॉक्स आहे माझ्याकडे. ती चालत नाही म्हणे, पुन्हा लिहा. कागद, पेन, रिक्षा सगळं परत माझ्याच पर्समधून. खिडकीवर एक शिक्का दोरीला बांधून ठेवला तर काय बिघडतं? फी वाढवली तेव्हा तर कुणाला किल्ली शोधावी लागली नाही.

समंत्रण सत्रांचंही, म्हणजे केंद्रातल्या मार्गदर्शन वर्गांचंही, सुरुवातीला तसंच. रविवारी बाकावर आम्ही तिघी-चौघी, वर बंद पंखा, आणि सोलापूरचा एप्रिल. समोर पुस्तकातलंच वाचून दाखवणं चाललेलं. तेव्हा लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

मग एक निवृत्त सर यायला लागले आणि मत बदलावं लागलं. त्यांनी पहिल्याच भेटीत विषय बाजूला ठेवून विचारलं, कामाला कुठे जाता? मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघते. सोलापुरात हा धंदा केवढा आहे ते सांगायला नको. मे-जूनमध्ये आम्हाला मान वर करायला वेळ नसतो, आणि सत्रपरीक्षा नेमकी जूनमध्ये.

सरांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे वर्षाला 40. एका श्रेयांकाला अंदाजे 30 तासांचा अभ्यास. झाले 1200 तास, आठवड्याला 23. "शिफ्ट, स्वयंपाक आणि 23 तास? जमणार नाही," ते म्हणाले, "आणि जमवायची गरजही नाही. सहा वर्षांपर्यंत मुदत आहे." जड विषय डिसेंबरच्या परीक्षेला, जूनला फक्त दोन हलके. शाळा सुरू झाल्या की आमचा कारखाना थंडावतो, तेव्हापासून अभ्यास. माहितीपत्रकात सगळं छापलेलं आहे हो, पण माझ्या कारखान्याचा हंगाम त्यात कुठून असणार?

दुसरं म्हणजे, घरी नणंदेने विचारलं होतं, "घरी बसून घेतलेली पदवी चालते का, वहिनी?" सरांनी यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, सप्टेंबर 2022चं पत्रक दाखवलं: मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. ते पत्रक मी मालकांच्या टेबलावर ठेवून आले. पगारवाढीबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत.

त्यामुळे मार्गदर्शनाला चार तारे, खिडकीला शून्य. अडचण एवढीच की सर महिन्यातून एखाद्याच रविवारी येतात आणि कधी येणार हे कुणी कळवत नाही. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभ सकाळ भरपूर, वेळापत्रक एकदाही नाही. निघण्याआधी फोन करा.

पुढच्या वर्षाची फी भरली आहे, याच केंद्रात. बदलायचं तर वेगळा अर्ज, आणि दुसरं केंद्र गावाच्या पार त्या टोकाला. दर रविवारी तेवढं रिक्षाभाडं कोण घालणार?