तेशुवा शिकवणारी कार्डं : सात महिने वापरल्यानंतर

मागच्या एलूल या हिब्रू महिन्यात, म्हणजे 2025 च्या ऑगस्टअखेरीस, इस्रायलमधल्या अश्दोदला राहणाऱ्या माझ्या बहिणीने मुलांसाठी कार्डांचा एक संच पाठवला. मुलगा सात वर्षांचा, मुलगी पाच. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. घरात बोलणं मराठीत, प्रार्थना हिब्रूत. संचातली चोवीस कार्डं इंग्रजीत होती, म्हणून पहिल्याच रात्री बसून प्रत्येकावर मराठी चिठ्ठी चिकटवली. चार रंग आहेत : थांब. कबूल कर. भरून दे. पुन्हा तीच वेळ आली तर? आता पेसाह हा वसंतातला सणही होऊन गेला. कार्डांचे कोपरे मऊ पडलेत, दोन हरवलीत. एवढ्या वापरानंतर मत द्यायला हरकत नाही.

तेशुवाला आपण पश्चात्ताप म्हणतो, पण मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ परत येणं. पश्चात्ताप ही लहान मुलाला समजावायला अवघड गोष्ट. ‘वाट चुकलीस ना, मग मागे फिर’ हे मात्र धाकटीलाही लगेच कळलं. संचाची सुरुवात इथून होते, हे मला फार आवडलं.

आमच्या घरी भांडण मिटवायची एकच रीत होती : ‘सॉरी म्हण.’ मुलगा म्हणायचा आणि लगेच खेळायला पळायचा. मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहाच्या योमा या भागात तर स्वच्छ सांगितलंय की माणूस आणि देव यांच्यातल्या चुका योम किप्पूरला, म्हणजे उपवासाच्या आणि क्षमेच्या दिवशी, धुऊन निघतात. माणसामाणसांतल्या चुका समोरच्याची समजूत काढेपर्यंत निघत नाहीत. बाराव्या शतकातल्या रामबाम या ज्यू धर्मपंडिताने पुढे लिहिलंय की घेतलेलं परत केलं तरी क्षमा मागायची उरतेच. तिसऱ्या रंगाची कार्डं याच दोन गोष्टींवर बेतलेली आहेत, आणि संचाचा जीव तिथेच आहे.

रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, ते योम किप्पूर या दहा दिवसांत त्यांची परीक्षा झाली. शेजारच्या मित्राचा कॅरमचा स्ट्रायकर मुलाने खिशात घातला, हरवला आणि ‘मी बघितलाच नाही’ म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी मी पोळ्या लाटत असताना त्याने ‘भरून दे’चं कार्ड ओट्यावर ठेवलं आणि गप्प उभा राहिला. मी नवा स्ट्रायकर आणून प्रकरण मिटवणार होते. पण कार्डाच्या मागे पालकांसाठी सूचना होती : पैसे तुम्ही देऊ नका. मग त्याने स्वतःचा गल्ला फोडला, दुकानात गेला, आणि योम किप्पूरच्या आदल्या दुपारी शेजारच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘तुझा स्ट्रायकर मीच घेतला होता. खोटं बोललो. हा नवीन आणलाय.’

मित्र म्हणाला, ‘मला तोच हवा होता,’ आणि दार लावून घेतलं.

संच इथे कमी पडला. समोरच्याने माफ केलं नाही तर काय, यावर एकही कार्ड नाही. सगळ्या चित्रांत शेवटी दोघं हसत मिठी मारतात. रामबाम सांगतो की तीन वेळा जाऊन विनवावं. हे मी मुलाला सांगितलं, पण त्याचा चेहरा पडलेलाच होता.

त्या वर्षी योम किप्पूर आणि दसरा दोन्ही 2 ऑक्टोबरला आले. बाहेर सोनं वाटलं जात होतं आणि आम्ही सिनेगॉगमध्ये होतो. शेवटची प्रार्थना नेइला, म्हणजे दरवाजे मिटण्याची. बेने इस्राएलांच्या जुन्या मराठीतलं योम किप्पूरचं नावही दारफळणीचा सण. सासूबाई सांगतात, पूर्वी कोकणात आपली माणसं पांढरे कपडे घालून, दारं लावून दिवसभर घरातच राहायची. ते ऐकून मुलाने विचारलं, ‘आजी, दार बंद झालं आणि तोवर त्याने माफ केलंच नसेल तर?’ त्या म्हणाल्या, ‘उद्या शिळा सण आहे ना बाळा. त्या दिवशी लोकांकडे जायचं असतं.’

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. मित्राने आत बोलावलं नाही, पण उरलेली आपट्याची दोन पानं हातावर ठेवली. मुलाने ती अजून जपून ठेवली आहेत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. स्टिकरचा तक्ता काढून टाका. दुसऱ्याच आठवड्यात मुलगा स्टिकरसाठी न केलेल्या चुका कबूल करू लागला. तराजूचं कार्डही पाच वर्षांच्या मुलांना दाखवू नका. ‘देव माझं सगळं लिहून ठेवतो का?’ म्हणून धाकटी दोन रात्री जागी होती. मी त्याऐवजी ठोकळे घेतले आणि जुन्या ज्यू गुरूंच्या दोन शाळांमधला एक वाद मुलांपुढे मांडला. चोरलेली तुळई कोणी इमारतीत बसवली तर काय करायचं? शम्मायची शाळा म्हणते, इमारत पाडून तुळईच परत द्या. हिल्लेलची म्हणते, किंमत द्या, नाहीतर माणूस परत यायलाच घाबरेल. मुलांनी तो मनोरा कितीदा बांधला आणि पाडला असेल! तुटलेल्या, हरवलेल्या वस्तूची भरपाई कशी करायची, हे त्या खेळातून जास्त कळलं.

चौथा रंग सर्वांत उशिरा कळतो. फेब्रुवारीत तोच मित्र आमच्याकडे खेळून गेला आणि त्याचा स्ट्रायकर विसरला. मुलगा रात्री जेवण अर्धवट टाकून तो देऊन आला. ‘बघ, मागच्या वेळी...’ हे शब्द माझ्या तोंडात आले होते. तेशुवा केलेल्याला त्याच्या जुन्या गोष्टींची आठवण करून देऊ नये, हेही मिश्नातच आहे. मी फक्त त्याचा भात गरम केला. आईवडिलांसाठी याचंही एक कार्ड हवं होतं. मला तरी त्याची सहा महिने गरज होती.

सहा-सात वर्षांपुढच्या मुलांसाठी संच जरूर घ्या, पण सोबत बसायची तयारी असेल तरच. हरवलेल्या एका कार्डाच्या जागी आम्ही घरीच एक केलंय. पुढच्या बाजूला मी लिहिलं : ‘तो नाही म्हणाला तर?’ मागच्या बाजूला मुलाने त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय : ‘शिळ्या सणाला परत जा.’