सात दिवसांत पाच किलो: काट्यावरची हातचलाखी

‘सात दिवसांत पाच किलो, लेखी हमी.’ वजन घटवण्याचं पॅकेज विकणाऱ्या या जाहिरातीला भुललेला माणूस पहिला आठवडा खूश असतो, कारण काटा खरोखरच खाली आलेला असतो. म्हणून तर फसलोय हे कळायला महिने जातात.

साधा हिशेब करा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पाच किलो चरबी सात दिवसांत जाळायची तर रोज ५,५०० कॅलरींची तूट हवी. बहुतेकांचं शरीर दिवसभरात वापरतंच मुळी २,००० ते २,५००. अगदी निर्जळी उपास केला तरी गणित बसत नाही. मग जातं काय? पाणी. यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा राखीव साठा, दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून असतं. पिष्टमय पदार्थ एकदम बंद केले की हा साठा रिता होतो, दीड-दोन किलो उतरतात, आणि नीट जेवायला लागलात की तितक्याच झटपट परत येतात.

बाकीचे किलो काट्यावर ‘घडवतात’. पहिलं वजन संध्याकाळी, भरल्या पोटी, बुटांसकट. आठव्या दिवसाचं सकाळी, उपाशीपोटी, अनवाणी. टेपही पहिल्यांदा सैल धरलेली असते. नंतर ‘श्वास आत घ्या’ म्हणत आवळतात.

खरा धोका लेबल नसलेल्या ‘हर्बल’ पुड्यांत आणि कॅप्सुलांत. अशा मालात भूक मारणारं सिब्युट्रामिन वारंवार सापडलं आहे. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलेलं हे औषध. भूक अचानक मेली, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, बीपी वाढलं, तर संशय घ्या. सारखी लघवी आणि पायांत गोळे? लघवीचं औषध मिसळलेलं असू शकतं. त्याने पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. धडधड, हात थरथरणं आणि घाम असेल तर थायरॉईडच्या गोळ्यांची शंका घ्यावी.

इंजेक्शनचा नवा धंदाही असाच. वजन घटवण्यासाठीचं सेमाग्लुटाइड हे औषध आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात. पहिल्याच दिवशी मोठा डोस टोचणारा, किंवा पेनवरचा बॅच नंबर न दाखवणारा, डॉक्टर असला तरी तिथून उठा. बनावट पेनमध्ये इन्सुलिन भरलेलं आढळलं आहे, आणि त्याने साखर उतरून माणूस बेशुद्ध पडतो.

पॅकेज संपल्यावरचा भाग तर कोणी बोलतच नाही. वजन घटलं की भूक आवरणारं लेप्टिन हे हार्मोन कमी होतं, भूक वाढते, शरीर कमी कॅलरींत भागवायला लागतं. सेमाग्लुटाइड थांबवल्यावरही वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलं आहे. हे शरीरशास्त्र आहे, पण काउंटरवर त्याला ‘तुम्ही डाएट पाळलं नाही’ म्हणतात आणि दुसरं पॅकेज पुढे सरकवतात. हमीपत्रात बारीक अक्षरांत ‘आहार तंतोतंत पाळल्यास’ हे कलम त्याचसाठी असतं. पैसे भरण्याआधी एकच विचारा: बारा महिन्यांनी माझं वजन कोण तपासणार, आणि तेव्हा उपचार काय?

आधीच फसला असाल तर उरलेल्या गोळ्या फेकू नका. पाकीट, पावती आणि वजनाच्या नोंदींचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. बीपी, ईसीजी, पोटॅशियम आणि टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) तपासून घ्या. तक्रार करायची तर त्याच गोळ्या पुरावा ठरतात.