लँडिंग जोरात झालं, कॅप्टनने ते मान्य केलं : तीन तारे

गेल्या महिन्यात आईला घेऊन या कंपनीच्या विमानाने गेलो. मधे एक थांबा, आणि पुढे तेच विमान जाणार होतं. थांब्यावर उतरताना चाकं टेकली, विमान उसळलं आणि दुसऱ्यांदा असं आदळलं की डोक्यावरचे तीन-चार कप्पे उघडले, मागच्या रांगेत एक ऑक्सिजन मास्क लोंबायला लागला. आईने माझं मनगट धरलं ते विमान थांबेपर्यंत सोडलं नाही.

केबिनमधल्या मुलींना पूर्ण गुण. त्यांनी प्रत्येक रांगेत थांबून मान-पाठ दुखतेय का ते विचारलं आणि आईसाठी न मागता व्हीलचेअर बोलावली. मग खुद्द कॅप्टनने सांगितलं, "लँडिंग जोरात झालंय, मी तशी नोंद केली आहे. तपासणीशिवाय हे विमान पुढे जाणार नाही."

काही प्रवासी चिडले. मला मात्र हायसं वाटलं. मी ट्रकच्या सस्पेंशनचं काम करतो. धक्का कुठे मुरतो ते वरून दिसत नाही. विमानाच्या पायातही तेल आणि नायट्रोजन भरलेला शॉकॲब्सॉर्बर असतो. एरवी विमान सेकंदाला दोन-तीन फूट वेगाने खाली येत टेकतं, आणि उतरण्याच्या कमाल वजनाला सेकंदाला 10 फुटांपर्यंतचा वेग सोसेल अशी त्याची बांधणी असते. जास्त मार बसला तर टायर ठणठणीत दिसूनही पायाच्या जोडाला तडा गेलेला असू शकतो, अंगाच्या पत्र्याला सुरकुती पडलेली असू शकते. उसळल्यावर नाक खाली दाबलं तर आणखी वाईट, कारण पुढचं चाक तेवढा भार घ्यायला केलेलंच नसतं. 2013 साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर एक बोइंग 737 आधी पुढच्या चाकावर टेकलं, चाकाचा पाय मोडला आणि विमान नाकावर घसरत गेलं. म्हणून कॅप्टनची ती नोंद मला फार मोलाची वाटते. ती लिहिल्याने उड्डाण रखडणार हे माहीत असूनही त्यांनी ती लिहिली.

दोन तारे कापले ते काउंटरमुळे. पाच तास फक्त "तांत्रिक कारण". कॅप्टन स्पष्ट बोलले होते, मग यांना "विमानाची तपासणी चालू आहे, दुसरं विमान येतंय" एवढं सांगायला काय हरकत होती? आईची गोळ्यांची वेळ टळत होती, आणि किती थांबायचं ते कोणी सांगेना. दुसरं विमान आल्याचं आम्हाला फलकावर वाचून कळलं.

आईचं परतीचं तिकीट याच कंपनीचं काढलंय.