गळक्या हौदाची दुरुस्ती, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत अंगणातल्या जुन्या हौदाचं काम केलं, आता दिवाळीही झाली, म्हणजे एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा त्याने काढलाय, म्हणून आता लिहायला बसले. मार्चमध्ये लिहिलं असतं तर काही उपयोग नव्हता, कारण आमच्या अमळनेरकडे सिमेंटच्या कामाची पहिली परीक्षा मे महिना घेतो आणि दुसरी पावसाळ्यात काळी माती फुगली की होते.

हौद माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, १९८१ मध्ये बांधून घेतलेला. १० बाय ६ फूट, अडीच फूट खोल, आत उतरायला एक पायरी, आणि त्यात कमळ. गेली सात-आठ वर्षं गळत होता. घरातले म्हणायचे बुजवून टाक, वर तुळशीवृंदावन बांधू, पण मला ते जमेना. आधी एका वर्षी नुसती सिमेंटची घोळ फासली, ती आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत टिकली. पुढच्या वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून काळा डांबरी रंग लावला तर उन्हात तो मऊ पडला, पोपडे सुटले आणि पाण्यावर तेलकट तवंग यायला लागला. दोन्ही वेळचे पैसे पाण्यात गेले.

यावेळी चाळीसगावकडचे एक मिस्तरी मिळाले. त्यांनी थापीला हातच लावला नाही, हौदाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ताई, पानी कोठेन गयी ऱ्हायनं ते पहिले दखा, मंग मसाला लावू." म्हणजे पाणी कुठून जातंय ते आधी बघा, मग सिमेंटचा मसाला लावू. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग बादलीची टेस्ट केली, ही प्रत्येकाने करावी कारण हिला पैसा लागत नाही. हौदातल्याच पाण्याने बादली भरून, तरंगू नये म्हणून आत दगड टाकून पायरीवर ठेवायची, बादलीच्या आत आणि हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला नेलपॉलिशने खूण करायची आणि २४ तास थांबायचं. बादलीतलं जे कमी होईल ते उन्हावाऱ्याने उडालेलं, हौदातलं त्याहून जास्त जे गेलं ती गळती. जानेवारीत बादली जेमतेम ४ मिलिमीटर उतरली आणि हौद दोन इंच! या मापाच्या हौदात एक इंच म्हणजे साधारण १४० लिटर, म्हणजे रोज अडीचशे लिटरच्या वर पाणी मातीत जात होतं, आणि आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो.

नंतर पाणी भरायचं बंद केलं आणि ते कुठे येऊन थांबतं ते बघितलं. तळापासून नऊ इंचांवर थांबलं, म्हणजे तळ चांगला होता, दोष त्या रेषेत किंवा वर. तिथे निंबाच्या बाजूच्या भिंतीला एक केसाएवढी चीर होती आणि जुना लोखंडी पाइप भिंतीतून बाहेर गेलेला. पाणी पुन्हा त्या रेषेच्या वर चढवलं आणि ते अगदी स्थिर असताना मिस्तरींनी बिनसुईच्या सिरिंजने कपड्याची नीळ चिरेजवळ हळूच सोडली. आधी ती तशीच ढगासारखी लटकत राहिली, मग तिची एक बारीक शेपूट झाली आणि ती सरळ चिरेत ओढली गेली. पाइपाच्या भोवतीही तेच, तिथे तर लगेच. दोन वर्षं मी सगळा हौद रंगवत बसले होते आणि गळत होतं ते या दोनच जागी.

चीर का पडली तर काळी माती. पावसात फुगून भिंतीला ढकलते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि भिंतीचा आधार सुटतो, वरून निंबाची मुळी. म्हणून बाहेरून त्या बाजूची फूटभर रुंद माती काढून मुरूम भरला, मुळी तोडली. आतून चीर छन्नीने व्ही आकारात खोलली, तारेच्या ब्रशने घासली, धूळ उडवली, ओली केली आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरली. पाइप काढून भोक बंद केलं, पाणी आता सायफनने काढते. तळ आणि भिंत मिळते तिथे चारी बाजूंनी वाटा मारला, म्हणजे मसाल्याने कोपरा गोलसर केला. मग दोन दिवसांनी पाणी अडवणारं कोटिंग, हे पावडर आणि दुधासारखं लिक्विड अशा दोन भागांत येतं, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारंच घ्या कारण मासे सोडायचे असतात. पहिला हात आडवा, दुसरा उभा, चिरेवर आणि कोपऱ्यांत मध्ये फायबरची जाळी. कालवलेलं मिश्रण ऊन असेल तर पटकन घट्ट होतं म्हणून चार वाजल्यानंतर थोडं थोडं कालवून लावलं. डब्यावर लिहिलेल्यापेक्षा माल बराच जास्त लागला, जुना खडबडीत गिलावा खूप पितो. सात दिवस कोरडं वाळू दिलं, यावर साध्या गिलाव्यासारखं लगेच पाणी मारायचं नसतं.

पहिलं पाणी चार दिवस ठेवून फेकलं, दुसरंही, कारण नव्या सिमेंटचा चुना उतरतो. पाणी किती खारट-चुनकट आहे ते दाखवणाऱ्या पट्टीवर पीएच आधी ९ च्या वर होता, तिसऱ्या पाण्याला ८ आला तेव्हाच डासांसाठी गप्पी मासे सोडले.

मे मध्ये मात्र माझा धीर सुटला. पारा ४४ ला गेला आणि हौद रोज सव्वा सेंटीमीटर उतरायला लागला, वाटलं परत गळालं, संपलं सगळं. पुन्हा बादली ठेवली. बादलीही तेवढीच उतरली! त्या दिवशी खरंच खूप बरं वाटलं. पावसाळ्यात ऑगस्टमध्ये भरलेल्या चिरेच्या बाजूला कोटिंगवर एक बारीक रेष दिसली, पण खाली जाळी असल्यामुळे फाटलं नाही आणि पाणीही गेलं नाही. पावसाळ्यात हौद रिकामा करू नका, बाहेरची ओली माती रिकाम्या भिंतीला आत दाबते.

कमळ शेजारच्या काकूंनी परत दिलं. आबांनीच फार वर्षांपूर्वी त्यांना कंद दिला होता, तो त्यांनी टपात जगवला. मी तो काळ्या मातीच्या टबात लावून टबच हौदात ठेवला, तळात माती टाकली नाही, म्हणजे पुन्हा कधी काम निघालं तर उचलता येईल. जुलैत पहिलं फूल आलं, गुलाबी, सासूबाई काठी टेकत तिथपर्यंत आल्या.

खर्च मालाचा साडेसहा हजार आणि मिस्तरी व हाताखालचा माणूस यांची तीन दिवसांची मजुरी. जे पटलं नाही तेही सांगते. पाण्याच्या रेषेच्या वरचा दोन-तीन इंचांचा पट्टा, जो कधी ओला कधी कोरडा असतो आणि थेट ऊन खातो, तिथे कोटिंग पिवळं पडलं आणि दोन ठिकाणी सुटलं. पायरीच्या खालीही एक फुगा आला, तिथलं शेवाळ घासायचं राहून गेलं होतं, ती चूक माझीच, मी संध्याकाळी घाई केली. ऑक्टोबरमध्ये पाणी थोडं उतरवून तेवढं खरवडून परत लावलं. जानेवारीत काठावर शहाबादी फरशी बसवून घेणार आहे, दोन इंच आत आलेली, म्हणजे त्या पट्ट्यावर सावली राहील.