अर्धा तास मोकळा आहे: पुस्तक उघडू की सुया काढू?

रोजचा अर्धा तास मोकळा ठेवायचा आणि तो मोबाईलला द्यायचा नाही, इतकं तुमचं ठरलंय. आता चौफेर वाचन की विणकाम, इथे गाडी अडली आहे. मी दोन्ही करतो, त्यामुळे तटस्थ आहे असं म्हणणार नाही. माझा कल कधी इकडे, कधी तिकडे असतो.

आधी हिशेब. साध्या मफलरला चार मिलीमीटरच्या सुईवर चाळीसेक टाके घालायचे आणि प्रत्येक ओळ सुलट विणत जायची. दीड मीटर लांबीला साधारण सहाशे ओळी लागतात, म्हणजे चोवीस हजार टाके. नवशिक्याचा हात बसला की मिनिटाला वीस टाके पडतात. रोज अर्धा तास दिला तर चाळीस दिवसांत मफलर गळ्यात. तेवढ्याच वेळात रोज पंधरा पानांनी सहाशे पानं वाचून होतील, म्हणजे आटोपशीर अशी तीन पुस्तकं. पण ती गळ्यात घालता येत नाहीत, आणि ‘काय केलंस इतके दिवस?’ असं कुणी विचारलं तर दाखवायलाही हातात काही नसतं.

वाचनाची खरी चैन वेगळीच आहे. मोज्याची टाच काही केल्या जमेना, तेव्हा वैतागून मी मोज्यांचा इतिहास वाचायला घेतला. विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र बनवलं होतं. पुढे १८११ मध्ये नॉटिंगहॅमच्या परिसरात कारागिरांनी अशीच यंत्रं फोडायला सुरुवात केली. यंत्र फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा आला, तेव्हा १८१२ मध्ये इंग्लंडच्या वरिष्ठ सभागृहात त्याविरुद्ध बोलायला उभा राहिला कवी बायरन. त्याची मुलगी एडा लव्हलेस. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने एक गणनयंत्र आखलं होतं, आजच्या संगणकाचा पूर्वजच तो. तिने १८४३ मध्ये त्या यंत्रावर टिपणं लिहिली आणि त्यांत उपमा दिली ती फुलं-पानं विणणाऱ्या मागाची! मोज्यापासून निघालो आणि संगणकाच्या दारात पोचलो. टाच तशीच राहिली, ते सोडा.

ही भटकंती सुयांवर होत नाही. तिथे टाक्यापुढे टाका, एवढंच. ज्याचं डोकं दिवसभर शब्दांनी भरलेलं असतं, त्याला हे ‘एवढंच’ फार हवंसं वाटतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा फरक दिसतो तो चुकांचा. पुस्तकातला एखादा मुद्दा उलटा समजला तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, आपण तो चारचौघांत ठणकावून सांगतही फिरतो. विणकामात लपवालपवी चालत नाही. एकदा बोलण्याच्या नादात माझा एक टाका सुटला, आणि लक्षात आलं तोवर बारा ओळी खाली घसरला होता. मधे नुसत्या आडव्या धाग्यांची शिडी. शेवटी क्रोशाची सुई घेतली, खालच्या फासात घातली आणि एकेक आडवा धागा त्यातून ओढत वर आलो. बारावा धागा वर आला आणि टाका परत सुईवर बसला, तेव्हाचं समाधान मला अजून कुठल्या पुस्तकाने दिलेलं नाही. कधी मात्र सरळ उसवावं लागतं. दोन संध्याकाळींचं काम पाच मिनिटांत गुंड्यावर परत जातं. हे सोसत नसेल तर वाचनच बरं. कंटाळवाणं पुस्तक पन्नासाव्या पानावर सोडून दिलं तर ते मुकाट्याने कपाटात जातं. अर्धा स्वेटर मात्र पिशवीतून बघत राहतो.

खर्चाचं फार मनावर घेऊ नका. दोन्हीकडे पैसे जातात ते हावरटपणापायी. न वाचलेली पुस्तकं आणि न उघडलेले गुंडे माझ्याकडे सारख्याच निष्ठेने साठतात. लोकर घेताना एक बघा: सगळ्या गुंड्यांवर रंगाचा लॉट नंबर एकच हवा. नाहीतर घरी आल्यावर एकच निळा दोन तऱ्हांचा निघतो.

मन एका जागी ठरत नसेल तर माझं मत सुयांना. पान वाचता वाचता मन भटकलं की पान वाया जातं, साधी ओळ मात्र विणून होते. एकटं बसणं जमत असेल आणि प्रश्न पडायची खोड असेल तर पुस्तक उघडा.

आणि दोन्ही हवंच असेल तर कानात ऑडिओबुक लावून साधं विणकाम घ्या. जाळीचा नमुना नको, तिथे टाके मोजताना कथानक हमखास निसटतं. माझ्या मफलरमध्ये एका जागी वीतभर वीण जरा जास्तच घट्ट झाली आहे. तिथे खुनाचा तपास चालला होता.