आईसाठी घेतलेला ई-रीडर आणि माझे बुडालेले 12,249 रुपये

1,000 टोकन, 10,500 समोरासमोर यूपीआयने आणि 749 कव्हरचे, जे मी उत्साहाच्या भरात आधीच मागवून ठेवलं होतं. जुन्या वस्तू विकायच्या अ‍ॅपवर काय काय चालतं हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. वीस वर्षं अकाउंट्समध्ये काम करते, लोकांची बिलं तपासते. तरी फसले.

आई 79 वर्षांची. दोन्ही डोळ्यांच्या मॅक्युलाची, म्हणजे दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची, झीज झालीय. नजरेच्या बरोबर मधलंच अंधूक दिसतं, त्यामुळे चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नाही. खिडकीशी बसून भिंगातून वाचते. दिवाळी अंकाच्या एका पानाला पाऊण तास लागतो आणि मग कपाळ धरून बसते. मैत्रिणीकडचा सहा इंची रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, पाहिला होता, पण आईला लागतं तेवढं अक्षर केलं की ओळीत जेमतेम दोन-तीन शब्द मावतात. म्हणून दहा इंची हवा होता, आणि नवा मला झेपणारा नव्हता. हे मुद्दाम सांगतेय, कारण "जुना घेतलासच कशाला" हे घरात पुरेसं ऐकून झालंय.

अ‍ॅपवरच्या विक्रेत्याला पुण्यात नळस्टॉपला भेटले. पंचविशीचा मुलगा, पाठीला सॅक. "काकू, माझी आजीच वापरायची," म्हणाला. रीडर त्याने स्वतःच्याच हातात ठेवला. मराठी पुस्तक उघडलेलं, टपोरं अक्षर. प्रकाश कमी-जास्त करून दाखवला, पानं उलटून दाखवली. वरच्या कोपऱ्यात विमानाचं बारीक चिन्ह होतं, म्हणजे वायफाय बंद. ते मला दिसलं. मी विचारलंसुद्धा! "बॅटरी टिकते काकू, आजीला नेट कशाला लागतंय?" वायफाय बंद ठेवलं की या यंत्रांची बॅटरी खरंच जास्त टिकते, म्हणून मला पटलं. माझ्या हातात फोन होता, फोनवर हॉटस्पॉट होता. दोन मिनिटांचं काम होतं. ते न करता त्याच फोनवरून मी 10,500 पाठवले.

घरी आईला शेजारी बसवून वायफाय जोडलं. पुस्तक गेलं, नोंदणीचं पान आलं, आणि माझं खातं काही केल्या घेईना. कंपनीला तीन फोन केल्यावर कळलं की या सिरियल नंबरची चोरीची तक्रार आहे, यावर कुठलंच खातं चालणार नाही. मूळ मालकाचं नाव सांगता येत नाही, म्हणाले. नका सांगू, पण मग वस्तू परत करायची कुणाला? त्यावर उत्तर नाही. म्हणून सांगते, रीसेट करून, तुमच्या खात्यावर नोंदणी होऊन, तुम्ही स्वतः एक पुस्तक उतरवून घेईपर्यंत कुणालाही एक रुपया देऊ नका. टोकन तर नाहीच नाही.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, रात्री फोन लावला. तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. (तिथे लगेच फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत.) घराजवळच्या चौकीत म्हणाले, व्यवहार नळस्टॉपला झाला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, ऑनलाइनचं आहे, सायबरला जा. सायबरला म्हणाले, तुम्ही समोर उभं राहून वस्तू घेतलीत, हे आमच्याकडे येत नाही. अर्धा दिवस रजा टाकून तीन ठिकाणं! नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते, हे मी वाचून गेले होते. सांगितलं तर, "मॅडम, वकील आहात का?" आणि वर, "चोरीचा माल तुमच्याकडे आहे, जरा जपून." अहो, चोरीचा आहे कळल्यावर तो तुमच्या टेबलावर ठेवायला मीच आले होते ना! शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला.

आणखी एक. पीडीएफमध्ये सहसा अक्षर मोठं होत नाही, अख्खं पान मोठं होतं आणि ते सरकवत बसावं लागतं. पुस्तक ईपबमध्ये, म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येणाऱ्या फाइलमध्ये, आहे का विचारा. ई-इंकचा, म्हणजे या रीडरचा कागदासारखा दिसणारा, पडदा जरा करडाच असतो, कमी दिसणाऱ्याला कधी साधा टॅबच बरा पडतो. ज्याच्यासाठी घेताय त्याच्या हातात आधी द्या. मी आईला नेलं नाही, रिक्षाचा त्रास नको म्हणून.

काल रात्री त्याच अ‍ॅपवर तसाच रीडर दिसला. नाव वेगळं, फोटोत आधीच्या जाहिरातीतलीच निळ्या चौकड्यांची चादर. किंमत 12,000, खाली लिहिलंय "आजीचा, कमी वापरलेला".